जुन्या गाडीचा मागचा एक्सल ड्रॅग शर्यतीत पुन्हा पुन्हा का तुटतो: लक्षणे आणि तपासणीचा क्रम

उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत थोडे अंतर धावायच्या ड्रॅग शर्यतीसाठी जुन्या ॲम्बेसेडरला किंवा पद्मिनीला मोठे इंजिन बसते, क्लच जड होतो, मागे रुंद टायर चढतात आणि थोड्याच दिवसांत गाडी टोचन लावून गॅरेजात येते, कारण मागचा एक्सल शाफ्ट, म्हणजे चाकापर्यंत जोर नेणारा दांडा, तुटलेला असतो. नवा शाफ्ट घातला की काही दिवसांनी तोही तुटतो, आणि बहुधा त्याच बाजूचा. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यातून आमच्याकडे अशा गाड्या येत राहतात आणि जवळजवळ प्रत्येक मालकाची मागणी एकच असते, की बोलेरोचा किंवा सुमोचा एक्सल बसवून द्या. बऱ्याच गाड्यांना त्याची गरज नसते. शाफ्ट इंजिनाच्या ताकदीने क्वचितच तुटतो. तो झटक्याने तुटतो, आणि झटका जिथून येतो ती ढिलाई शोधायला सुरुवातीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. ती शोधली नाही तर मोठ्या एक्सललाही तोच झटका बसतो, फक्त तुटणारा भाग बदलतो आणि खर्च वाढतो.

हे सगळे मागे पाटे (पोलादी पानांच्या स्प्रिंगा) आणि सरळ, अखंड एक्सल असलेल्या गाड्यांना धरून लिहिले आहे. कॉन्टेसाला मागे कॉइल स्प्रिंग असल्याने पाट्यांविषयीचा भाग तिला लागू होत नाही. तिथे एक्सलला धरून ठेवणाऱ्या रॉडांचे बुश (सांध्यातले रबरी अस्तर) तपासावेत. बाकीचा क्रम तोच राहतो.

लक्षणे

क्लच सोडताक्षणी मागून एकच "खट्" आवाज येतो आणि पुढे सगळे सुरळीत चालते, तेव्हा क्रॉसवर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा), पिनियनच्या फ्लँजवर (त्या शाफ्टला एक्सलशी जोडणारी चकती) किंवा एक्सलला पाट्याशी बांधणाऱ्या ढिल्या यू-बोल्टवर संशय घ्यावा. सुटताना गाडीचा मागचा भाग धडधडत उड्या मारतो आणि जमिनीवर टायरचा काळा पट्टा सलग न उमटता तुकड्या-तुकड्यांनी उमटतो, तेव्हा एक्सल पाट्यांवर पिळला जाऊन परत सुटत असतो. हे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण तुटलेल्या शाफ्टांपैकी बहुतेकांच्या मागे हेच सापडते.

ॲक्सिलरेटर दाबून धरला असताना मागून बारीक "घूं" आवाज येतो आणि पाय काढताच तो थांबतो किंवा बदलतो, तेव्हा क्राउन-पिनियनची (एक्सलमधले मोठे दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारा लहान गिअर) बसवणूक बिघडलेली असण्याची शक्यता असते. आवाज पायावर अवलंबून नसून गाडी डावी-उजवीकडे झोकल्यावर कमी-जास्त होतो, तेव्हा चाकाचे बेअरिंग आधी पाहावे. केवळ वळतानाच कटकट होते, तेव्हा डिफरेन्शियलच्या, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेच्या, आतल्या लहान गिअरांकडे पाहावे. वेगाबरोबर वाढणारी थरथर बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टची असते. एका चाकाच्या आतल्या बाजूने तेल झिरपते आणि ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढली जाते, तेव्हा सील बदलण्याआधी ब्रीदर तपासावा; त्याविषयी पुढे सांगितले आहे.

इंजिन चालते, गिअर पडतो, प्रोपेलर शाफ्ट फिरतो आणि गाडी मात्र जागची हलत नाही, तेव्हा शाफ्ट तुटला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा गाडीला टोचन लावून आणू नये. अनेक जुन्या गाड्यांत चाकाचे वजन त्याच शाफ्टवर असते, आणि तो बाहेरच्या टोकाजवळ तुटला असेल तर चाक शाफ्टच्या तुकड्यासह रस्त्यावर निघून जाऊ शकते. पिकअपवर चढवून आणावी.

जे फुकटात तपासता येते

मागच्या दोन्ही टायरांची हवा सारखी आहे का, आणि दोन्ही टायरांचा परीघ सारखा आहे का, हे प्रथम पाहावे. खडूने टायरवर खूण करून गाडी एक पूर्ण फेरा ढकलावी आणि जमिनीवर अंतर मोजावे, हे दोन्ही चाकांसाठी करावे. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला टायर असेल तर डिफरेन्शियलमधले लहान गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात. डिफरेन्शियल वेल्ड करून लॉक केलेले असेल तर परिस्थिती आणखी वाईट होते, कारण दोन शाफ्ट एकमेकांना पिळत राहतात आणि गाडी शर्यतीच्या जागी पोचण्याआधीच थकलेली असते.

त्यानंतर टेप घेऊन मागच्या दोन टायरांमधले अंतर मोजावे. दोन्ही टायरांच्या पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूचा ठिपका द्यावा, अंतर घ्यावे, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलावी आणि तेच ठिपके मागे गेल्यावर पुन्हा अंतर घ्यावे. तोच ठिपका दोन्ही वेळा मोजल्यामुळे टायरच्या फुगवट्याने फसगत होत नाही. सरळ हाउसिंगमध्ये (एक्सलचे बाहेरचे कवच) दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर हाउसिंग वाकलेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि वाकलेल्या हाउसिंगमध्ये शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकतो व सरळ होतो. अशा हाउसिंगमध्ये कितीही चांगला शाफ्ट टिकत नाही. आपल्याकडच्या पांदण रस्त्यांवर भरधाव नेलेल्या गाड्यांत हा दोष दिसतो, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

आता ब्रीदर. एक्सलच्या हाउसिंगवर एक छोटी टोपी किंवा नळी असते, जिच्यातून तापलेली हवा बाहेर पडते. आपली काळी माती पावसाळ्यात तिच्यावर चढते आणि उन्हाळ्यात दगडासारखी वाळते. मे महिन्यात इथे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. त्यात दोन-तीन धावा लागोपाठ झाल्या की आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही, आणि ती सीलच्या कडेने तेल बाहेर ढकलते. ते तेल ड्रममध्ये जाऊन ब्रेकच्या लायनरवर बसते. सील बदलूनही महिनाभरात पुन्हा गळती सुरू झाली, की ब्रीदर कोणी उघडलाच नव्हता असे समजावे. टोपी काढून डिझेलमध्ये धुवावी, हाताने फिरते का पाहावी, आणि शक्य असेल तर रबरी नळी जोडून तिचे तोंड डिकीच्या तळाजवळ वर न्यावे.

तेलाची पातळी गाडी सपाट जागेवर उभी करून पाहावी. या गाड्यांच्या क्राउन-पिनियनचे दात हायपॉइड पद्धतीचे असतात, म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो आणि दात एकमेकांवर लोळण्याबरोबर घासतही जातात. ते घासणे सहन करण्यासाठी तेलात जास्त दाबाचे रसायन लागते. म्हणून जीएल-५ दर्जाचे, सामान्यतः ८०-डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचे तेल घालावे. तेच तेल गिअरबॉक्समध्ये मात्र डोळे झाकून घालू नये, कारण जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. मर्यादित-घसरण डिफरेन्शियल (एकाच चाकाला मोकळे घसरू न देणारे) बसवलेले असेल तर त्याच्या प्लेटांसाठी वेगळे ॲडिटिव्ह लागते. ते ॲडिटिव्ह नसेल तर वळताना जी कटकट होते, तिलाच पुष्कळ जण क्राउन गेल्याचा आवाज समजतात आणि चांगला एक्सल उघडून बसतात.

तेल काढताना तळाच्या बोल्टवरचा किंवा हाताने बुडवलेल्या चुंबकावरचा गाळ बोटांत चोळून पाहावा. गुळगुळीत काळपट लेप चालतो, तो झिजेचा असतो. सुईसारखे कण, चकचकीत पापुद्रे किंवा दाताचा तुकडा मिळाला तर तपासणी इथेच थांबवावी, गाडी पुढे चालवू नये आणि थेट क्राउन-पिनियनच्या भागाकडे यावे.

पाटे, यू-बोल्ट आणि पिनियनचा कोन

बहुतेक गाड्यांचा रोग इथे सापडतो, म्हणून इथे घाई करू नये.

क्लच सुटतो तेव्हा चाके पुढे फिरतात आणि हाउसिंग उलट दिशेने फिरू पाहते. पिनियनचे नाक वर उचलले जाते. त्याला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे पाट्याचा पुढचा अर्धा भाग. तो मऊ असेल, बुश कुजलेले असतील किंवा यू-बोल्ट ढिले असतील तर पाटा इंग्रजी "एस" अक्षरासारखा वळतो. टायरची पकड सुटली की तो पिळ एकदम उलगडतो, चाक जमिनीवरून किंचित उचलले जाते, हवेत जोरात फिरते आणि फिरता-फिरताच परत जमिनीवर आदळते. त्या क्षणी शाफ्टवर जो झटका बसतो, तो इंजिन एरवी देऊ शकेल त्यापेक्षा मोठा असतो, आणि एका सुटण्यात तो अनेकदा बसतो. सैल साखळीने नांगराला जुंपलेली जोडी एकदम उचलली की साखळी तुटते. तीच साखळी आधी ताणलेली असेल तर तेच बैल नांगर उपसून नेतात. एक्सलचे तंत्र याहून फारसे वेगळे नाही.

तपासणीसाठी गाडीच्या तळाला क्लॅम्पने मोबाइल घट्ट बांधावा, कॅमेरा पाट्याकडे वळवावा आणि मंद गतीचे चित्रण सुरू करून एक-दोनदा जोरात सुटावे. गाडीखाली किंवा गाडीच्या मागे कोणीही बसून पाहू नये, हे आमच्याकडच्या पोरांना दरवेळी सांगावे लागते. चित्रणात पिनियनचे नाक वर जाऊन खाली येताना आणि टायर उडताना स्पष्ट दिसतो. एरवी तासभर वाद घालून जे ठरत नाही, ते त्या चित्रणात दिसते.

नंतर यू-बोल्ट. ते पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावेत, आडव्या-तिरप्या क्रमाने. एकदा पूर्ण ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरण्यात अर्थ नसतो. एक्सल काढला की तो नवा घालावा. पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट तुटलेला असला तरी बाहेरून कळत नाही, पण एक्सल एका बाजूला थोडा मागे सरकतो. म्हणून दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून एक्सलपर्यंतचे अंतर मोजून ताडून पाहावे. पुढच्या डोळ्याचा बुश पहारीने हलवून पाहावा. मागच्या शॅकलचा (पाट्याचे मागचे टोक धरणाऱ्या कडीचा) बुश थोडा झिजला तर चालून जाते, पुढचा चालत नाही, कारण सगळा जोर त्याच्यातून चासीत जातो.

गाडी मागून उंच दिसावी म्हणून एक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळे घातलेले असतील तर ते काढून टाकावेत. ठोकळ्याने तरफेची लांबी वाढते आणि पाटा अधिक सहज पिळला जातो. गाडी देखणी दिसते हे खरे, पण ती देखणी गाडी पुन्हा आमच्याच दारात उभी राहते.

एवढे करूनही उड्या राहिल्या तर पाट्याच्या पुढच्या भागावर जास्तीच्या क्लॅम्पा लावून पाट्याची पाने एकत्र घट्ट धरावीत आणि मागच्या भागावरच्या सैल ठेवाव्यात. त्यानेही भागले नाही तर ट्रॅक्शन बार बसवावा, म्हणजे एक्सलखाली घट्ट धरलेला आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली रबरी ठोकळा टेकवणारा दांडा. पिनियनचे नाक वर जाऊ लागले की तो दांडा पुढे टेकतो आणि पिळ जागीच थांबतो. गावातल्या चांगल्या वेल्डरकडून तो बनतो आणि मोठ्या एक्सलच्या तुलनेत त्याचा खर्च किरकोळ असतो.

पिनियनचा कोन मोबाइलमधल्या कोनमापकाने मोजता येतो. जोरात सुटताना नाक वर जाणारच, म्हणून गाडी उभी असताना ते प्रोपेलर शाफ्टच्या रेषेपेक्षा दोन-तीन अंश खाली ठेवून सुरुवात करावी, आणि चित्रण पाहून पुढे ठरवावे. त्यासाठी पाटा आणि एक्सलच्या बैठकीमध्ये पाचर घालतात. ती लोखंडी असावी, ॲल्युमिनियमची नको, कारण ॲल्युमिनियमची पाचर चेपते आणि यू-बोल्ट पुन्हा ढिले होतात.

क्रॉसपासून क्राउनपर्यंतची ढिलाई

मागची दोन्ही चाके उचलून गाडी लोखंडी घोड्यांवर (जॅकस्टँडवर) ठेवावी आणि पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर गाडीखाली जाऊ नये. काळ्या मातीच्या अंगणात, विशेषतः पावसाळ्यात, घोडीचे पाय रुततात आणि गाडी हळूहळू कलते. घोडीखाली जाड लाकडी फळ्या घालाव्यात किंवा सरळ सिमेंटच्या ओट्यावर काम करावे.

गाडी गिअरमध्ये ठेवून प्रोपेलर शाफ्ट हाताने मागे-पुढे फिरवावा. प्रत्येक जोड किती फिरल्यावर पुढचा जोड हलतो, हे डोळ्यांनी पाहावे. क्रॉसच्या टोप्यांजवळ लालसर भुकटी दिसली तर आतली सुयांची बेअरिंग कोरडी पडली आहेत, तो क्रॉस बदलावा. सरकत्या जोडाच्या दात्यांत उभी-आडवी हालचाल नसावी. पिनियनचा फ्लँज हाताने वर-खाली हलत असेल तर एकतर नट ढिला आहे किंवा आतले बेअरिंग गेले आहे. तो नट नुसता आवळून टाकण्याचा मोह टाळावा. अनेक एक्सलांत त्या नटावरच बेअरिंगचा ताण आणि दबणाऱ्या नळीचे माप अवलंबून असते. जास्त आवळला तर बेअरिंग जळते, कमी राहिला तर पिनियन पुढे-मागे सरकतो आणि दात तुटतात.

ढिलाई मोजणे एवढे महत्त्वाचे का, तर क्लच सुटल्यावर इंजिनाचे जड फ्लायव्हील ही सगळी ढिलाई रिकामीच पार करते आणि मग एकदम चाकांवर येऊन आदळते. प्रत्येक जोडाची थोडी-थोडी ढिलाई एकत्र होऊन एकच मोठा धक्का तयार होतो.

प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या क्रॉसभोवती लोखंडी कडे बसवलेले आहे का, हेही याच वेळी पाहावे. अमेरिकेतली एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची संस्था खाचा नसलेले गुळगुळीत शर्यती टायर (स्लिक) लावून पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर पार करणाऱ्या गाडीला हे कडे सक्तीचे करते. ते पाव इंच जाड आणि दोन इंच रुंद असावे आणि पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत बसावे, असा तिचा नियम आहे. आपल्या गाड्या सहसा तेवढ्या लवकर पोचत नाहीत, तरीही पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे टोक जमिनीत रुतून गाडी उलटू शकते किंवा ते तळ फोडून आत येऊ शकते. म्हणून हे कडे आम्ही न विचारताच बसवतो.

तुटलेला शाफ्ट काय सांगतो

शाफ्ट काढल्यावर तो भंगारात टाकू नये. तुटलेला पृष्ठभाग स्वच्छ पुसून उजेडात पाहावा. समुद्राच्या लाटांच्या खुणांसारख्या वळ्या एका काठापासून सुरू होऊन पसरलेल्या दिसल्या तर तो थकून तुटला आहे. चीर पुष्कळ आधीच पडली होती आणि शेवटच्या धावेने ती पूर्ण झाली. अशा वेळी वाकलेले हाउसिंग, दात्यांच्या मुळाशी पडलेला ओरखडा किंवा गंज शोधावा. तुटलेला भाग शाफ्टला काटकोनात सपाट असेल आणि दाते पिळलेले दिसत असतील तर लोखंड मऊ होते आणि त्याला खरोखर जास्त पिळ बसला. तो ४५ अंशांच्या तिरप्या, स्क्रूसारख्या रेषेत तुटला असेल तर शाफ्ट गरजेपेक्षा कडक आणि ठिसूळ झाला आहे, म्हणजे उष्णता-प्रक्रियेत गडबड झाली आहे.

नवा शाफ्ट बसवताना त्याच्या लांबीवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी. काही धावांनंतर शाफ्ट काढून पाहावा. रेघ वळलेली दिसली तर शाफ्ट कायमचा पिळला गेला आहे आणि तो तुटण्याआधीच बदलता येतो.

गावातल्या लेथवर साध्या ईएन-८ पोलादाचा शाफ्ट करून मिळतो आणि तो स्वस्तही पडतो, पण ड्रॅगसाठी तो घेऊ नये. ईएन-२४ किंवा किमान ईएन-१९, योग्य उष्णता-प्रक्रिया करून आणि कडकपणा मोजून घेतलेला असावा. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत असे काम करणारे कारखाने आहेत, तिथवर जाण्याचे कष्ट घ्यावेत. तुटलेला शाफ्ट वेल्ड करून पुन्हा घालणे हा प्रकार अजून चालतो. वेल्डच्या शेजारचे पोलाद त्या उष्णतेने आपला गुण गमावते, आणि तुटण्याची जागा तेवढी बदलते.

क्राउन-पिनियन: इथे थांबावे

ॲक्सिलरेटरवर येणारा आवाज कायम असेल, तेलात कण सापडले असतील किंवा पिनियन हलत असेल तर हाउसिंग उघडावे लागते. हे काम केवळ पाने आणि हातोडी असलेल्या माणसाने करू नये. क्राउन आणि पिनियनच्या दातांमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, मोटारीच्या आकाराच्या एक्सलांत साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या घरात असते आणि ती डायल गेजशिवाय कळत नाही. दातांना रंग लावून एकमेकांवर कुठे टेकतात याचा ठसा घ्यावा लागतो, पिनियनची खोली शिमांनी (पातळ चकत्यांनी) ठरवावी लागते आणि बेअरिंगचा ताण मोजावा लागतो. यातले एक माप बदलले की बाकीची बदलतात. ज्याच्याकडे डायल गेज नाही आणि जो ठसा पाहिल्याशिवाय झाकण लावतो, त्या मिस्त्रीकडे, तो कितीही ओळखीचा असला तरी, हे काम देऊ नये.

डिफरेन्शियल वेल्ड करून लॉक करण्याविषयी नेहमी विचारणा होते. जोरात सुटताना प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे या गाड्यांचे उजवे मागचे चाक हलके होते आणि तेच आधी घसरते. साधे डिफरेन्शियल दोन्ही शाफ्टांना सारखाच जोर देते, त्यामुळे एक चाक घसरले की दुसऱ्यालाही तेवढाच कमी जोर मिळतो. गाडी मंद सुटते, पण शाफ्ट वाचतो. मात्र एकच चाक सतत फिरत राहिले तर आतली पिन तापून चिकटते. लॉक केल्यावर उलट होते: ज्या चाकाला पकड आहे त्याच्या एकट्या शाफ्टवर सगळा जोर येऊ शकतो, आणि ते बहुधा डावे असते. त्याच बाजूचा शाफ्ट पुन्हा पुन्हा का तुटतो, याचे उत्तर अनेक गाड्यांत इथे मिळते. रस्त्यावर चालवायच्या गाडीला वेल्ड केलेले डिफरेन्शियल आम्ही बसवून देत नाही.

मोठा एक्सल खरोखर लागतो तेव्हा

आधी हिशेब करावा. समजा इंजिन १३० न्यूटन-मीटर देते, पहिला गिअर ३.५ चा आहे आणि एक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे) ४.५ आहे, तर चाकांकडे सुमारे २०५० न्यूटन-मीटर पोचू शकतात. आता टायर पाहू. मागच्या एक्सलवर ६०० किलो वजन, टायरची त्रिज्या ०.३ मीटर आणि साध्या टायरची पकड ०.८ धरली तर साधारण १४०० न्यूटन-मीटरला टायर घसरू लागतो. मऊ, चिकट टायर लावून पकड १.२ झाली तर ती मर्यादा २१०० पर्यंत जाते. सुटताना वजन मागे येत असल्याने प्रत्यक्ष आकडे याहून वर जातात, पण मुद्दा स्पष्ट होतो: साधा टायर घसरतो तोवर एक्सल वाचतो, आणि शर्यतीचे टायर चढवले त्याच दिवशी एक्सलवरचा भार दीडपट झालेला असतो. पाटे, बुश, क्रॉस आणि कोन सगळे ठीक असूनही चांगल्या पोलादाचा शाफ्ट पिळला जात असेल, तर मोठा एक्सल घ्यावा.

घेताना आधी शाफ्टची जाडी पाहावी. पिळाविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. २८ मिलिमीटरऐवजी ३२ मिलिमीटरचा शाफ्ट घेतला तर ताकद जवळजवळ दीडपट होते. अमेरिकेत या कामासाठी फोर्डचा ९ इंची एक्सल नावाजला जातो. तो १९५७ मध्ये आला, त्याचा क्राउन साधारण ९ इंच व्यासाचा असतो आणि संपूर्ण डिफरेन्शियल पुढून बाहेर काढता येते, म्हणून शर्यतीच्या दोन धावांमध्ये गुणोत्तर बदलणे सोपे जाते. आपल्याकडे तो मागवणे परवडत नाही, म्हणून बोलेरो, जुनी जीप किंवा सुमो यांचे एक्सल वापरले जातात. ते मजबूत असतात, पण जड आणि बहुधा रुंद असतात. रुंदी, स्टडांचे वर्तुळ, ब्रेकची जोडणी, पाट्यांच्या बैठकींमधले अंतर आणि प्रोपेलर शाफ्टचा फ्लँज, हे सगळे मोजल्याशिवाय भंगार बाजारातून एक्सल उचलू नये.

गुणोत्तरही ठरवून घ्यावे. शेवटच्या रेषेवर गाडी ताशी १२० किलोमीटर असेल आणि टायरचा परीघ १.९ मीटर असेल तर चाक मिनिटाला सुमारे १०५० फेरे फिरते. वरचा गिअर सरळ, म्हणजे १:१ चा, असेल तर ४.५ च्या एक्सलवर इंजिन साधारण ४७०० फेऱ्यांवर असेल, ४.१ वर ४३००. पेट्रोल इंजिनाला पहिला आकडा चालेल. जुन्या डिझेल इंजिनाला तो फार वरचा होईल.

एक्सल अरुंद करणे, नव्या बैठकी वेल्ड करणे आणि शाफ्टवर दाते पुन्हा कापणे, ही तिन्ही कामे जिग (काम चालू असताना भाग सरळ धरणारा साचा) असलेल्या कारखान्यातच करून घ्यावीत. वेल्डच्या उष्णतेने हाउसिंगची नळी वाकते, आणि मग लेखाच्या सुरुवातीची टेपची तपासणी नव्या एक्सललाच लागू पडते. गाडीत असा बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी लागते, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ नुसार गुन्हा आहे. समृद्धी महामार्ग सरळ आणि रिकामा दिसतो म्हणून तो शर्यतीची जागा होत नाही. एफएमएससीआय या देशातल्या मोटार शर्यतींच्या संस्थेच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धा त्यासाठी आहेत.

नवे क्राउन-पिनियन बसवून गाडी परत मिळाली, की लगेच क्लच सोडून पाहू नये. पहिल्यांदा पंधरा-वीस किलोमीटर सावकाश चालवून गाडी उभी करावी, एक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा आणि हे दोन-तीनदा करावे, कारण नवे दात एकमेकांवर बसताना खूप तापतात. शंभर किलोमीटरच्या आत यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. साधारण ८०० किलोमीटरनंतर तेल बदलावे, आणि त्या तेलातला गाळही चुंबकावर घेऊन पाहावा.